रॉड सर्लिंगचं सोंग

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



1956 साली अमेरिकन टीव्हीवर एका थकलेल्या मुष्टियोद्ध्याचं नाटक झालं, ‘रेक्विएम फॉर अ हेवीवेट’. त्यात एक पात्र दुसऱ्याकडे काडी मागतं, असं एक साधं वाक्य होतं. ते कापलं गेलं, कारण प्रायोजकांत सिगारेटचे लायटर बनवणारी रॉन्सन कंपनी होती. पैसे लायटरवाल्याचे, मग पात्रानं काडेपेटी कशी मागायची? फोर्ड प्रायोजक असलेल्या एका नाटकात न्यूयॉर्कच्या पडद्यावरून क्रायस्लर इमारत पुसून टाकली होती, असाही किस्सा ‘रेक्विएम’चा लेखक सांगत असे. पुढे 1959 साली न्यूरेंबर्ग खटल्यावरचं नाटक आलं, ते दुसऱ्या एका लेखकाचं. छळछावण्यांतल्या ‘गॅस’चा उल्लेख आला की त्यात आवाज बंद व्हायचा. प्रायोजक होती स्वयंपाकाचा गॅस विकणाऱ्यांची संघटना!

हसू येतं खरं. पण अमेरिकेत लेखकावर पहारा ठेवायला तेव्हा सरकारची गरज नव्हती, साबण नि मोटारी विकणारे पुरेसे होते. या पहाऱ्यातून वाट काढणाऱ्या ‘रेक्विएम’च्या लेखकाबद्दल, रॉड सर्लिंगबद्दल आज बोलायचं आहे.

त्याचा जन्म 1924चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. वाढला बिंगहॅम्टन या लहान गावात. शाळा संपताच तो सैन्याच्या छत्रीधारी पलटणीत भरती झाला आणि फिलिपाइन्समध्ये लढला. लेते बेटावर विमानातून टाकलेल्या रसदीचं खोकं अंगावर पडून त्याचा एक मित्र त्याच्या डोळ्यांसमोर मेला. शत्रूची गोळी नाही, आपल्याच माणसांनी पाठवलेला शिधा. सर्लिंगच्या गोष्टींत नियती इतकी वाकडी का वागते, याचं उत्तर मला तरी त्या खोक्यात सापडतं. परतल्यावर कॉलेज, लग्न, सिनसिनाटीत रेडिओची नोकरी. दिवसभर जाहिरातींचा मजकूर लिहायचा आणि रात्री स्वतःची नाटकं. 70च्या आसपास संहिता विकल्या गेल्यानंतर जानेवारी 1955मध्ये ‘पॅटर्न्स’ प्रक्षेपित झालं. एका कंपनीत म्हाताऱ्या अधिकाऱ्याला कसं पद्धतशीर संपवलं जातं, याची ती कथा. नाटकं तेव्हा थेट प्रक्षेपित होत, एकदा झालं की संपलं. ‘पॅटर्न्स’ मात्र इतकं गाजलं की महिन्याभरात सगळा संच पुन्हा उभा करून ते दुसऱ्यांदा सादर करावं लागलं.

नाव झालं, तसा धीरही आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोचा एमेट टिल हा 14 वर्षांचा काळा मुलगा मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला होता. एका गोऱ्या बाईशी आगळीक केल्याचा आळ घेऊन त्याला पळवून नेऊन ठार मारण्यात आलं. सगळ्या गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष सोडलं, आणि पुढे त्याच आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला कबुली दिली. सर्लिंगनं यावर लिहायला घेतलं. प्रायोजक होती युनायटेड स्टेट्स स्टील. नाटकाचा विषय टिल खटला असल्याची बातमी फुटताच दक्षिणेतल्या वर्णवादी संघटनांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि बहिष्काराची धमकी दिली. पोलादावर बहिष्कार कसा टाकतात, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक! कंपनी मात्र घाबरली. घटना दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडला नेली. मेलेला माणूस काळा राहिला नाही, कोणीतरी परका झाला. नेपथ्यातल्या कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा हलवल्या, कारण त्यांना म्हणे दक्षिणेचा वास येतो. 1958मध्ये त्यानं हाच विषय पुन्हा घेतला, तेव्हा कथा एकोणिसाव्या शतकातल्या नैऋत्येकडच्या गावात गेली आणि बळी मेक्सिकन झाला.

दोनदा हात पोळल्यावर त्यानं ओळखलं, की आजच्या सिनेटरच्या तोंडी जे घालता येत नाही, ते परग्रहावरच्या प्राण्याच्या तोंडी घातलं तर कोणी हरकत घेणार नाही. पर्ल हार्बरच्या हल्ल्याआधीच्या होनोलुलूत स्वप्नातून पुन्हापुन्हा जाणाऱ्या माणसाची एक कथा त्यानं लिहिली. सीबीएस या वाहिनीनं ती विकत घेऊन कपाटात टाकली. दुसऱ्या एका कार्यक्रमाच्या निर्मात्यानं ती बाहेर काढून नोव्हेंबर 1958मध्ये दाखवली आणि प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग लागला. मग सीबीएसला जाग आली. 2 ऑक्टोबर 1959ला ‘द ट्वायलाइट झोन’ ही त्याची मालिका सुरू झाली. निर्मिती सर्लिंगच्या स्वतःच्या कंपनीची होती, म्हणजे लेखकाच्या हातात पहिल्यांदाच किल्ल्या आल्या.

मालिका सुरू होण्याच्या तोंडावर माइक वॉलेस या पत्रकारानं मुलाखतीत त्याला छेडलं, की म्हणजे आता गंभीर लिहिणं सोडलंत तर. सर्लिंगनं साळसूदपणे कबूल करून टाकलं, की ज्वलंत सामाजिक प्रश्नांच्या वाटेला मी आता जाणार नाही. माझ्या मते टीव्हीच्या इतिहासातली ही सर्वांत गुणी थाप असावी. प्रायोजकांनी खरोखर निःश्वास टाकला. सुरुवातीच्या संहितांत त्यांना काय खटकलं, तर बोटीवरचा एक इंग्रज चहा मागतो. प्रायोजक इन्स्टंट कॉफी विकत होता. चहा गेला, बाकी सगळं राहिलं.

आणि बाकी म्हणजे काय, ते पाहा. मार्च 1960चा ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग घ्या. उपनगरातली नीटनेटकी गल्ली, शनिवारची संध्याकाळ. वीज जाते, फोन बंद पडतात, गाड्या सुरू होत नाहीत. एक पोरगा चित्रकथेत वाचलेलं सांगतो, की परग्रहावरचे लोक आधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पाठवतात. झालं. एकाची गाडी आपोआप सुरू होते, म्हणजे तोच. शिवाय तो रात्री आकाशाकडे बघत उभा असतो, म्हणजे नक्कीच तो. दुसरा तळघरात रेडिओ जुळवत असतो. अंधारातून चालत येणाऱ्या शेजाऱ्याला गोळी घातली जाते. तो शेजारच्या गल्लीत वीज आहे का, ते बघायला गेलेला असतो. पंचवीस मिनिटांत सगळी गल्ली एकमेकांच्या जिवावर उठते, आणि टेकडीवर बसलेले परग्रहवासी आपसांत बोलतात, की आपण फक्त दिवे घालवले. सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी चौकशांना तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कोणाची हरकत आली नाही.

आपल्याकडे खाडिलकरांनी 1907मध्ये ‘कीचकवध’ केलं, तेव्हा कीचक म्हणजे कर्झन हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळलं आणि इंग्रजांनाही. 1910मध्ये नाटकावर बंदी आली. सर्लिंगचं सोंग असं पकडलं गेलं नाही. मात्र म्हणूनच एक प्रश्न उरतो. कीचक ओळखू येत होता, म्हणून तो झोंबला. मेपल स्ट्रीटवर मिसिसिपीतला पंचसुद्धा मान डोलावू शकला असता, कारण तिथला दोषी म्हणजे सगळेच. सोंग लांब पल्ल्याचं असतं, पण त्यानं समोरच्या माणसाचा नेम चुकतो. सर्लिंगलाही हे जाणवत असावं. मार्च 1964च्या ‘आय अ‍ॅम द नाइट, कलर मी ब्लॅक’मध्ये द्वेषानं सूर्य उगवत नाही अशी कल्पना आहे, आणि शेवटी रेडिओवर कुठेकुठे अंधार पडलाय त्या यादीत अलाबामातलं बर्मिंगहॅम आणि डॅलसमधला रस्ता स्पष्ट नावानिशी येतो. भाग म्हणून तो बोजड आहे, प्रवचनच म्हणा. पण मुखवटा खाली ठेवल्याचा आवाज त्यात ऐकू येतो. झुंडबळीला केंद्रीय गुन्हा ठरवणारा, टिलच्या नावाचा अमेरिकन कायदा व्हायला मात्र 2022 उजाडावं लागलं.

‘ट्वायलाइट झोन’चे पाच हंगामांत 156 भाग झाले, त्यातले 92 सर्लिंगनं लिहिले. तोंडी सांगून यंत्रावर ध्वनिमुद्रित करायचा, हातात सिगारेट अखंड. रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स बोमाँट यांनी मोठा भार उचलला, तरी शेवटी दमछाक दिसतेच. मालिका संपल्यावर आपला वाटा त्यानं सीबीएसला विकून टाकला. पुनःप्रक्षेपणांत केवढा पैसा आहे, ते नंतर कळलं. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या पटकथेवर त्याचं नाव आहे. ‘नाइट गॅलरी’त मात्र तो सूत्रधार होता, लिहितही असे, पण निर्णय दुसऱ्यांचे. ज्या जाहिरातदारांशी झगडला, त्यांच्याच मालाची शिफारस करताना तो पडद्यावर दिसू लागला. इथॅका कॉलेजात शिकवत असताना, 28 जून 1975ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. वय 50.

आज घरी गेल्यावर एखादा भाग पाहणार असाल, तर ‘टाइम इनफ अ‍ॅट लास्ट’ सगळे सुचवतील. तो छान आहेच. पण माझं ऐकाल तर मेपल स्ट्रीटपासून सुरुवात करा, आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊन पाहा.