मध्यम गुण आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे शिक्षण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)

 

परदेशाशी आपला समाज कधीच अपरिचित नव्हता. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी हे गृहस्थाश्रमी पदवीधरच होते. आज महाड-पोलादपूरची मुलेही आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छितात, ही आनंदाची गोष्ट होय. अडते ते गुणपत्रिकेपाशी. पंचावन्न टक्क्यांच्या मुलाने अर्ज कोठे करावा?

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तेथे सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, म्हणून ओढा मोठा. तेथील विद्यापीठे आपले टक्के सूत्राने बदलून घेतात. १०० मधून आपले टक्के वजा करावेत, बाकीला ६० ने भागावे, ३ ने गुणावे आणि १ मिळवावा. (आपली उत्तीर्णतेची रेषा ४०, म्हणून भाजक ६०.) पंचावन्न टक्क्यांचे उत्तर येते ३.२५. तेथे १ सर्वोत्तम आणि ४ काठावरचा. अनेक अभ्यासक्रम २.५ पर्यंतच, म्हणजे आपल्या ७० टक्क्यांपर्यंतच, थांबतात. हा हिशेब घरी पाच मिनिटांत होतो. त्यासाठी कोणास पैसे मोजावे लागत नाहीत.

इंग्लंडमध्ये पंचावन्न टक्क्यांवर एक वर्षाचा अभ्यासक्रम देणारी विद्यापीठे मिळतात. मात्र खर्च भारी, आणि साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँका साधारणतः तारण मागतात. तारण म्हणजे आपले दुकान वा राहते घर. प्रवेश जुळवून देणाऱ्या मध्यस्थांपैकी बहुतेकांना विद्यापीठाकडून दलाली मिळते. आपण व्यापारी, दलाल कोणत्या मालाची स्तुती करतो, हे आपणास सांगावयास नको! चवदार तळ्याच्या या गावाने हेही स्मरावे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर.

आता घरची वाट. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र संकुल आहे. किमान पात्रतेत बसल्यास एम.ए.चा प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामाईक परीक्षेच्या गुणांवर होतो. तेथे मागील गुणपत्रिकेचे ओझे हलके होते. मुंबई विद्यापीठाचा कालिना येथील नागरिकशास्त्र व राजकारण विभाग तर आपल्याच विद्यापीठातला. भारतीय परराष्ट्र सेवेसाठी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. १९८३ साली त्या सेवेत गेलेले ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट या खेड्याचे.

वाणिज्य पदवीधरांस आणखी एक सुचवितो. न्हावा-शेवा बंदर आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतून माल परदेशी जातो. दोन-तीन वर्षे निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करावे. लेटर ऑफ क्रेडिट, बिल ऑफ लेडिंग हाताखालून जाऊ द्यावीत. परदेशातील या विषयाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत अशा अनुभवाला वजन असते. तोवर पगारही घरात येतो आणि दुकान गहाण पडत नाही.