एका पेनीचें वाङ्मय

लंडन शहरांत सेंट पॉलच्या मंदिराभोंवतालच्या आवारांत सतराव्या शतकांत पुस्तकांच्या दुकानांची दाटी होती. त्यांपैकीं एका दुकानाच्या पाटीवर गुलाब व मुकुट यांचें चित्र होतें, आणि जॉर्ज थॉमसन हा त्याचा मालक. 1640 सालाच्या अखेरीस या गृहस्थानें एक विलक्षण नाद धरला. रस्त्यावर विकावयास येणारें प्रत्येक चोपडें, प्रत्येक पत्रक तो विकत घेऊं लागला, आणि पुष्कळांवर तें हातीं आल्याची तारीख स्वहस्तें टिपूं लागला. ज्या कागदांत दुसऱ्या दिवशीं वाण्यानें मसाला बांधावयाचा, ते त्यानें ग्रंथांच्या इतमामानें बांधून ठेविले. शेजारच्या दुकानदारांनीं त्याला वेडा म्हटलें असेल तर त्यांत नवल नाहीं.

त्यानें हा उद्योग आरंभिला ती वेळ मात्र नेमकी होती. त्यापूर्वीं इंग्लंडांत मुद्रणावर कडक पहारा असे. 1637 च्या सरकारी हुकुमानें लंडनमधील मुख्य मुद्रकांची संख्या अवघ्या वीसांवर आणून ठेविली होती. त्याच सालीं प्रिन, बर्टन व बॅस्टविक या तिघांचे, धर्माधिकाऱ्यांवर टीका छापल्याबद्दल, भर चौकांत कान कापण्यांत आले. प्रिनचे कान पूर्वींच एकदां कापले होते. या वेळीं उरलेले थोटके कापून गालांवर डाग देण्यांत आले. ही शिक्षा देणारें ‘स्टार चेंबर’ नांवाचें न्यायासन 1641 च्या जुलै महिन्यांत पार्लमेंटनें मोडून टाकिलें, आणि बांध फुटावा तसें झालें. थॉमसनच्या संग्रहांत 1640 सालचे जिन्नस अवघे 22 आहेत. 1642 सालचे सुमारें दोन हजार! राजा आणि पार्लमेंट यांचें युद्ध तोफांनीं सुरू होण्यापूर्वींच तें खिळ्यांनीं सुरू झालें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हें चोपडें म्हणजे तरी काय? कागदाचा एक ताव घ्यावा, दोनदां दुमडावा, कीं चार पानें म्हणजे आठ पृष्ठें होतात. एक किंवा दोन ताव, वर मोठ्या अक्षरांत लांबलचक मथळा, क्वचित् एखादें लांकडी ठशाचें चित्र. शिवण असलीच तर दोन टांक्यांची, पुठ्ठा मुळींच नाहीं. किंमत एक-दोन पेनी. मजुराला दिवसाकांठीं आठ ते बारा पेनी मिळत त्या काळीं हा खर्च अगदींच क्षुल्लक नव्हता, पण आवांक्याबाहेरचाहि नव्हता. सकाळीं लिहिलेला मजकूर एक-दोन दिवसांत छापून रस्त्यावर येई. विकणाऱ्यांत बायका पुष्कळ असत. त्यांना ‘मर्क्युरी’वाल्या म्हणत, कारण बऱ्याच वार्तापत्रांच्या नांवाच्या आरंभीं देवदूत मर्क्युरीचें नांव असे. पोलिसी त्रास प्रथम याच बायकांना होई. लेखक बहुधा निनांवी व सुरक्षित!

येथें एक शंका येईल, कीं वाचणारे होते किती? त्या काळच्या शपथपत्रांवरील सह्यांचा हिशेब घेतां, गांवोगांवीं शंभरांत सुमारें तीसच पुरुष स्वतःचें नांव लिहूं शकत. लंडनांत हें प्रमाण पुष्कळ अधिक होतें. परंतु वाचतां न येणाराला ऐकतां येत होतें. दारूच्या गुत्त्यांत, बाजारांत, लष्कराच्या छावणींत एक जण मोठ्यानें वाची आणि दहा जण ऐकत. आपल्याकडे एकानें पोथी वाचावी व सबंध ओसरीनें ऐकावी, त्यांतलाच हा प्रकार. एका बाजूस छापलेलीं गाणीं तर ऐकण्यासाठींच असत. विकणारा तीं चौकांत गाऊन दाखवी आणि कोणत्या चालीवर म्हणावयाचें तें गाण्याच्या डोक्यावर छापलेलें असे. लढाया, फांशीं, पूर, फसलेलीं लग्नें, कोणताच विषय त्यांना वर्ज्य नव्हता. चित्रांचे ठसे मात्र मोजकेच. एकाच ठशांतली स्त्री आज राणी, उद्यां चेटकीण आणि परवां एखाद्या खाटकाची बायको म्हणून छापली जाई. गिऱ्हाइकांची त्याविषयीं तक्रार नसावी.

नवलकथांचा खप तर अपार. 1678 सालच्या एका चोपड्यांत हर्टफर्डशायर परगण्यांतील एका शेतकऱ्याची हकीकत आहे. कापणीच्या मजुरीवरून घासाघीस झाली, तेव्हां ‘तुझ्यापेक्षां सैतानानें माझे ओट कापलेले बरे’ असें तो संतापून बोलला. रात्रीं शेतांत आग लागल्यासारखा उजेड दिसला आणि सकाळीं पाहतों तों सारें पीक मनुष्याच्या हातून न होईल इतकें नीटनेटकें कापलेलें! पुढें तें उचलण्याचा धीर शेतकऱ्यास झाला नाहीं. शेजारच्या चित्रांत शिंगें असलेला सैतान विळा चालवीत आहे. धर्मोपदेश, करमणूक आणि मजुरीचा तंटा हीं तिन्ही एका पेनींत मिळत होतीं.

याच कागदांतून वर्तमानपत्राचा जन्म झाला. 1641 च्या नोव्हेंबरांत पार्लमेंटच्या कामकाजाचें पहिलें साप्ताहिक वार्तापुस्तक निघालें. 1643 च्या जानेवारींत राजपक्षानें ऑक्सफर्डहून आपलें ‘मर्क्युरिअस ऑलिकस’ काढलें. त्याला उत्तर म्हणून त्याच वर्षीं ‘मर्क्युरिअस ब्रिटॅनिकस’ निघालें. या दुसऱ्या पत्रांत नांव कमावलेला मार्चमाँट नेडम हा मोठा पराक्रमी पुरुष. प्रथम त्यानें पार्लमेंटच्या बाजूनें राजाची चेष्टा केली. 1647 मध्यें राजाच्या बाजूनें पार्लमेंटची केली. आणि 1650 पासून प्रजासत्ताक सरकारचें मुखपत्र चालविलें. लेखणी तीच, शाई तीच, टवाळीहि तितकीच झणझणीत. वाचकांना हें ठाऊक असूनहि ते त्याला वाचीत, यावरून त्याच्या लेखणीच्या कसाची कल्पना करावी.

पार्लमेंटला स्वतःविरुद्धचें मुद्रण सोसलें, असें मात्र नव्हे. 1643 च्या जून महिन्यांत त्यानेंहि परवान्याचा कायदा केला. त्याचा निषेध करणारा मिल्टन कवीचा ‘ॲरिओपॅजिटिका’ हा निबंध 1644 च्या नोव्हेंबरांत परवान्यावांचूनच छापून प्रसिद्ध झाला. आज त्याचे गोडवे सारे गातात. त्या दिवसांत तो शेंकडों चोपड्यांतील एक चोपडें होता आणि कायद्यावर त्याचा कांहींएक परिणाम झाला नाहीं.

1660 सालीं राजसत्ता परत आली व 1662 मध्यें परवान्याचा नवा कायदा झाला. रॉजर लेस्ट्रेंज हा छापखान्यांचा देखरेख्या नेमला गेला. स्वतः हाडाचा चोपडेलेखक असल्यामुळें त्याला या धंद्याच्या साऱ्या चोरवाटा माहीत होत्या. 1663 च्या ऑक्टोबरांत एका अपरात्रीं त्यानें क्लॉथ फेअर भागांतील जॉन ट्विन या मुद्रकाच्या घरावर छापा घातला. राजानेंहि प्रजेला जाब दिला पाहिजे, असें प्रतिपादणाऱ्या पुस्तकाचे ओले ताव तेथें सांपडले. ट्विननें दार उघडण्यापूर्वीं जुळविलेले खिळे विसकटून टाकिले होते, परंतु सारेच नाहींसे करणें त्याला साधलें नाहीं. न्यायालयांत त्यानें सांगितलें, कीं आपण गरीब मनुष्य आहों, तीन लहान मुलें आहेत, मजकूर आपण वाचलाहि नव्हता. लेखकाचें नांव सांगितलें असतें तर कदाचित् प्राण वांचले असते. तें त्यानें शेवटपर्यंत सांगितलें नाहीं. 1664 च्या फेब्रुवारींत त्याला राजद्रोह्याची शिक्षा झाली, म्हणजे फांशी देऊन देहाचे तुकडे केले. मिल्टनचा निबंध जगाच्या स्मरणांत राहिला. हा मुद्रक फारच थोड्यांच्या राहिला आहे.

योगायोग असा, कीं त्याच पिढींत, 1674 सालीं, सुरतेच्या भीमजी पारेखांच्या विनंतीवरून इंग्रज कंपनीनें हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक मुंबईस पाठविला. एतद्देशीय लिपीचे खिळे पाडणें त्याला जमलें नाहीं आणि तो बेत तसाच राहिला. इंग्लंडांत परवान्याचा कायदा 1695 मध्यें संपुष्टांत आला. पार्लमेंटनें त्याची मुदत वाढविली नाहीं एवढेंच.

थॉमसनचा संग्रह या सर्व धामधुमींत टिकला कसा, हेंच आश्चर्य. सैन्याच्या भीतीनें त्यानें त्याच्या पेट्या लंडनाबाहेर दुसऱ्या परगण्यांत हलविल्या. पुढें कांहीं काळ तो संग्रह ऑक्सफर्डांतहि ठेविला होता. 1651 मध्यें राजपक्षाशीं संधान असल्याच्या संशयावरून तो स्वतः कांहीं आठवडे कैदेंतहि होता. तरी 1661 पर्यंत जमविणें थांबलें नाहीं. एकूण जिन्नस बावीस हजारांवर गेले. 1666 मध्यें तो वारला आणि पुढें जवळजवळ शतकभर योग्य गिऱ्हाईक मिळालें नाहीं. 1761 सालीं तिसऱ्या जॉर्ज राजासाठीं तो संग्रह तीनशें पौंडांस घेण्यांत आला, आणि पुढच्या वर्षीं राजानें तो ब्रिटिश म्यूझिअमला दिला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे.

त्यांतील एका बांधणीसंबंधीं थॉमसनची टिपणी आहे. 1647 सालीं पहिला चार्ल्स राजा हॅम्प्टन कोर्टांत नजरकैदेंत असतां त्याला एक चोपडें हवें होतें. तें दुसरीकडे कोठेंच मिळेना. थॉमसननें सुरक्षित परत देण्याचें राजाचें वचन घेऊन मग तें दिलें. वाटेंत तें चिखलांत पडलें. दुसऱ्या कोणाच्या हातून असें झालें असतें तर या टापटिपीच्या मनुष्यानें किती आकांत केला असता, कोण जाणे. येथें मात्र त्यानें लिहून ठेविलें, कीं तो डाग म्हणजे त्या पुस्तकाचें मानचिन्ह होय.