कौटुंबिक न्याय तालुक्यापर्यंत का पोचत नाही?

(वणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



न्यायसंस्थेचा विषय निघाला की आपल्या चळवळीच्या व्यासपीठांवर बहुधा मूलभूत हक्क, घटनापीठांचे निकाल आणि आणीबाणीतील अनुभव ह्यांचीच चर्चा होते. ती अवश्य व्हावी. परंतु सामान्य माणसाचा न्यायालयाशी संबंध येतो तो मुख्यतः दोन कारणांनी : शेताच्या धुऱ्याचा वाद आणि घराच्या उंबरठ्याचा वाद. पैकी धुऱ्याच्या वादावर शेतकरी चळवळीचे थोडेफार लक्ष असते. उंबरठ्याचा वाद मात्र 'खाजगी' म्हणून बाजूला टाकला जातो. नवऱ्याने टाकलेली स्त्री, पोटगीवाचून राहिलेले मूल, मुलाच्या भेटीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणारा बाप, ही सगळी माणसे एकेकटी न्यायालयाच्या व्हरांड्यात उभी असतात. त्यांची संघटना नसते, मोर्चा नसतो, आणि म्हणून त्यांना जबाब देण्याची गरज कोणालाच भासत नाही.

ह्या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि वणीच्या माणसांना तो विशेष लागू पडतो. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोट कायदा केला. त्या वेळी वणी मध्यप्रांत-वऱ्हाडात होती. म्हणजे पुण्या-नाशिकच्या हिंदू स्त्रीला जे संरक्षण मिळाले, ते वऱ्हाडातील तिच्या बहिणीला मिळाले नाही. प्रांताची सीमारेषा हीच न्यायाची सीमारेषा ठरली. हिंदू कोड बिल रेंगाळले, आणि डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यामागे तेही एक प्रमुख कारण होते. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही प्रांतभेदाची विषमता कागदोपत्री संपली. मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत विधानभवनावर सात स्त्रियांचा मोर्चा नेला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. कायद्यातील समतेसाठीचा हा लढा समाजवादी चळवळीला परका नाही. परंतु कायदा समान झाल्याने न्याय समान होत नाही. न्याय मिळण्याचे ठिकाण, त्याला लागणारा काळ आणि त्याचा खर्च ह्या तीन गोष्टी समान नसतील, तर कायद्यातील समता ही शहरातील माणसाची समता ठरते.

कुटुंब न्यायालयांची कल्पना नेमकी ह्या विचारातून पुढे आली. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ च्या आपल्या अहवालात आणि त्याच वर्षी विधी आयोगाने ५९ व्या अहवालात असे मांडले, की कौटुंबिक तंटे हे नेहमीच्या दिवाणी दाव्यांसारखे चालवता येणार नाहीत. त्यांतून १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा झाला. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे १९८९ साली अशी न्यायालये सुरू झाली. ह्या कायद्यात पुष्कळ चांगल्या तरतुदी आहेत. समुपदेशकांची नेमणूक आहे, पुराव्याच्या कायद्याची जाचक बंधने सैल केली आहेत, वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, आणि न्यायाधीशांच्या निवडीत स्त्रियांना प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे.

मग उणीव कोठे राहिली? ती कायद्याच्या तिसऱ्याच कलमात आहे. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरासाठी कुटुंब न्यायालय स्थापन करणे हे राज्य शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. इतर क्षेत्रांसाठी मात्र 'शासनाला आवश्यक वाटेल तर'. वणी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साठ हजारांच्या आसपास होती. दहा लाखांची अट लावली, तर वणीला हे न्यायालय कधीच मिळायचे नाही. एके काळी प्रांताची सीमा आडवी येत होती. आता लोकसंख्येचा आकडा आडवा येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सोय झाली, तरी यवतमाळ वणीपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे, आणि झरी-जामणीच्या पोडावरून निघणाऱ्या कोलाम बाईला तर आधी वणी गाठण्यातच अर्धा दिवस जातो.

येथे थोडा हिशेब मांडणे उपयुक्त होईल. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. पोटगीचा अर्ज केलेल्या मजूर स्त्रीला तीन वर्षांत चोवीस तारखा पडल्या असे समजा. नुसत्या बुडालेल्या मजुरीचे ७,१२८ रुपये होतात. राज्य परिवहनाच्या बसमध्ये २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे आहे हे खरे. पण सोबत येणाऱ्या भावाचे भाडे पूर्ण लागते आणि त्याचीही मजुरी बुडते. वकिलाची फी, अर्जाचा खर्च आणि मुलाला शेजारणीकडे ठेवण्याचे मिंधेपण ह्यांत धरलेले नाही. उलट बाजूला, पोटगी चुकवणाऱ्या नवऱ्याला प्रत्येक पुढे ढकललेली तारीख ही बचत असते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर विलंबाचा खर्च एका पक्षावर आणि विलंबाचा लाभ दुसऱ्या पक्षावर, अशी ही वाटणी आहे. अशा व्यवस्थेत विलंब अपघाताने होत नसतो. ज्याला तो परवडतो तो त्याची मागणी करतो, आणि व्यवस्था ती पुरवते.

ही केवळ तर्कबाजी नव्हे. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, अशी दुरुस्ती संसदेने २००१ साली केली. त्याच दुरुस्तीने पोटगीची पाचशे रुपयांची जुनी कमाल मर्यादाही रद्द झाली. आता नागपूरच्या कुटुंब न्यायालयातील एका प्रकरणाच्या तारखा पाहा. पत्नी आणि लहान मुलाच्या अंतरिम पोटगीचा अर्ज सप्टेंबर २०१३ मधला. त्यावर आदेश झाला ऑगस्ट २०१५ मध्ये. पतीने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे धाव घेतली. तेथील निकाल ऑगस्ट २०१८ चा. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी संपले. साठ दिवसांच्या जागी सात वर्षे, आणि तीसुद्धा अंतरिम आदेशासाठी! शिवाय हे राज्याच्या उपराजधानीत, स्वतंत्र कुटुंब न्यायालय असलेल्या शहरात घडले. तेथे ही गत असेल, तर तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी खटले, धनादेशाचे दावे आणि जामिनाचे अर्ज ह्यांच्या गर्दीत पोटगीच्या अर्जाला कोणता क्रम मिळत असेल, ह्याची कल्पना करता येते.

सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात साऱ्या देशासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी. अंतरिम अर्ज, ही प्रतिज्ञापत्रे दाखल झाल्यावर, चार ते सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. हे नियम उत्तम आहेत. परंतु ते पाळले जातात की नाही हे कोण पाहतो? येथेच न्यायाधीशांच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न उभा राहतो.

उत्तरदायित्व म्हटले की पुष्कळांना न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावर घाला पडेल अशी भीती वाटते. आणीबाणीचा अनुभव घेतलेल्या चळवळीने ही भीती हलकी लेखू नये. निकाल काय द्यावा हे न्यायाधीशाला मंत्र्याने सांगता कामा नये, धनिकाने सांगता कामा नये, आणि मोर्चानेही सांगता कामा नये. परंतु निकाल का लांबला, साठ दिवसांची साठ महिने का झाली, हे विचारण्याने स्वातंत्र्याला बाध येत नाही. स्वातंत्र्य हे न्यायाधीशाला दिलेले आहे ते पक्षकाराच्या रक्षणासाठी. त्याचा उपयोग पक्षकाराच्या प्रश्नापासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी होऊ लागला, तर मूळ हेतूच उलटतो.

आज ह्या उत्तरदायित्वाची साधने काय आहेत? वरिष्ठ न्यायाधीशांसाठी संसदेतील पदच्युतीचा मार्ग आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी ह्यांना दोषी ठरवले. तरी मे १९९३ मध्ये लोकसभेत १९६ मते बाजूने आणि विरुद्ध एकही नसताना, सत्ताधारी पक्ष तटस्थ राहिल्याने प्रस्ताव बारगळला. १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांवर आक्षेप घेतले गेले, वकिलांच्या संघटनांनी ठराव केले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून न्यायसंस्थेची अंतर्गत चौकशीपद्धती जन्मली आणि १९९९ साली ती स्वीकारली गेली. पण ही पद्धती नावाप्रमाणेच अंतर्गत आहे. तक्रारदाराला तिच्यात पक्षकाराचे स्थान नाही. तालुका आणि जिल्हा पातळीच्या न्यायाधीशांवर घटनेच्या २३५ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाचे नियंत्रण आहे. परंतु हे नियंत्रण चालते ते गोपनीय अहवालांतून. वणीच्या पक्षकाराला त्याचा पत्ता लागत नाही.

लोकांनी प्रश्न विचारल्याने न्यायसंस्था दुबळी होते, असे म्हणणाऱ्यांनी विदर्भातलाच एक दाखला आठवावा. देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार ह्या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्री-संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्या टीकेने न्यायालयाचे महत्त्व कमी झाले नाही. उलट पुढच्या स्त्रीला न्यायालयावर विश्वास ठेवण्यास कारण मिळाले.

कुटुंब न्यायालयाच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. पक्षकाराने मागणी केल्यास तेथील कामकाज बंद दाराआड चालते. ते योग्यच आहे. कोणाच्या संसाराचे वाभाडे चारचौघांत निघू नयेत. परंतु दार बंद असले की न्यायाधीशाचे वागणेही बंद होते. ज्या न्यायालयात जनतेला बसता येत नाही, त्याने जनतेला हिशेब अधिक द्यायला हवा. माणसांची नावे झाकावीत, न्यायालयाचे काम उघडे करावे. किती अर्ज आले, अंतरिम आदेशाला सरासरी किती दिवस लागले, किती तारखा कोणाच्या विनंतीवरून पुढे गेल्या, आणि मंजूर झालेल्या पोटगीपैकी किती रक्कम प्रत्यक्ष हातात पडली, ह्यांचा वार्षिक गोषवारा प्रसिद्ध करण्याने कोणाची गुप्तता भंगणार आहे? प्रलंबित खटल्यांचे आकडे आता संगणकावर पाहता येतात. परंतु आदेशानंतर त्या बाईच्या घरी चूल पेटली की नाही, हे त्या आकड्यांतून समजत नाही.

समुपदेशनाविषयीही सावध असले पाहिजे. कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य मानले आहे. रुसव्याफुगव्याच्या भांडणात ते हितावह आहे. मारझोडीच्या घरात मात्र समेट म्हणजे त्या स्त्रीला पुन्हा मारणाऱ्याच्या हवाली करणे होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण कुटुंब न्यायालयातही मागता येते, हे समुपदेशकाने तिला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. आणि हेही विसरता कामा नये, की प्रामाणिक पुरुषालाही ह्या व्यवस्थेची झळ लागते. मुलाची भेट मागणाऱ्या बापाचा अर्ज दोन वर्षे पडून राहिला, तर त्या दोन वर्षांत मूल बापाला विसरते. वेळेवर मिळणारा निकाल हा कोणा एका बाजूचा कैवार नसतो.

ह्या भागातला सर्वांत कसोटीचा प्रश्न झरी-जामणी परिसरातील कुमारी मातांचा आहे. लग्नाच्या भूलथापा देऊन आदिवासी मुलींना फसवले गेले, आणि वृत्तपत्रांनी व विधिमंडळाने तो विषय वेळोवेळी चर्चिला. योजना जाहीर झाल्या, साहित्य वाटले गेले. परंतु मूळ प्रश्न हक्काचा आहे. अनौरस अज्ञान मुलालाही बापाकडून पोटगी मिळण्याचा हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या १४४ व्या कलमातही तो आहे. त्या मुलाला अनुदानाची दया दाखवण्यापूर्वी त्याच्या बापाचे नाव आणि बापाची जबाबदारी न्यायालयाने निश्चित करून दिली पाहिजे. ती आई कोलामी बोलते, आणि न्यायालयाची भाषा तिला समजत नाही. अशा स्त्रीसाठी शंभर किलोमीटरवरचे न्यायालय असून नसल्यासारखेच आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. तिसऱ्या कलमातील 'इतर क्षेत्रां'चा अधिकार वापरून शासनाने, उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून, वणी, मारेगाव आणि झरी-जामणी ह्या तालुक्यांसाठी कुटुंब न्यायालय अधिसूचित करावे आणि त्याने ठरलेल्या दिवशी तालुक्यांत फिरून बसावे. ते होईतो २००८ च्या ग्रामन्यायालय कायद्याचा उपयोग करावा. पोटगीचे अर्ज ग्रामन्यायालयापुढे चालू शकतात आणि त्याला गावात जाऊन बसण्याची मुभा आहे. समुपदेशक कायम नेमणुकीचे असावेत आणि कोलामी, गोंडी जाणणारे दुभाषे मिळावेत. अंतरिम पोटगीला साठ दिवसांहून अधिक काळ लागल्यास न्यायाधीशाने कारण लेखी नोंदवावे, आणि त्या कारणांचा गोषवारा उच्च न्यायालयाने दरवर्षी प्रसिद्ध करावा. तक्रारीचा निर्णय तक्रारदाराला कारणांसह कळवावा.

शासनाने हे करीपर्यंत कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. हे गावोगाव सांगावे. उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र भरण्यास मदत करावी. प्रत्येक प्रकरणाची वही ठेवावी : अर्ज कधी, तारखा किती, कोणी पुढे ढकलल्या, पैसा कधी मिळाला. नावे गुप्त ठेवून अशा शंभर वह्या एकत्र केल्या, की उच्च न्यायालयापुढे आणि विधानसभेपुढे ठेवण्याजोगा पुरावा तयार होतो. त्या पुराव्याला उत्तर देणे टाळता येत नाही. वणीच्या शाखेने येत्या महिन्यापासून पहिल्या दहा वह्या सुरू कराव्यात.