मूर्तीचा मूळ पत्ता



सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठवा लेख प्रवासाविषयी आहे. आधीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार करत, मन रमवत. अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या, असं तो लेख सांगतो. अशा यात्रेत काय करायचं, हेही त्यात आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, त्यांना दान द्यायचं, वृद्धांची विचारपूस करायची, जनपदातल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचं. या लेखाचा एक तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, मिळाला. आज तो मुंबईत फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे.

संग्रहालयात येणाऱ्या सहलींचे जथे त्या दगडासमोर फारसे थांबत नाहीत. अक्षरं ब्राह्मी, दगड ओबडधोबड, शेजारी देखण्या मूर्ती. आणि नालासोपाऱ्याला रोज लोकलने ये-जा करणाऱ्या हजारोंना आपल्या गावचा असा दगड फोर्टात आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं. वस्तू एकीकडे, जागा दुसरीकडे आणि त्या जागेवर राहणारी माणसं तिसरीकडे. संग्रहालयं आणि धर्मस्थळं यांच्या खास अभ्याससहली काढायच्या असतील, तर त्यांचं काम या तिघांची गाठ घालून देणं, एवढंच आणि एवढं मोठं आहे असं मी मानतो. आज मी फक्त मुंबई आणि तिच्या आसपासची उदाहरणं घेणार आहे. दूरच्या लेण्यांवर बोलायला सगळ्यांनाच आवडतं. घराजवळची राहून जातात.

घारापुरीपासून सुरुवात करू. गेटवेवरून लाँचने तासाभरात बेटावर पोचता येतं. बहुतेक सहली पायऱ्या चढतात, उत्तरेच्या दारातून मुख्य लेण्यात शिरतात, समोरच्या त्रिमूर्तीपुढे फोटो काढतात आणि परतीची लाँच गाठतात. त्रिमूर्ती थोर आहेच. पाच मीटरांहून उंच असलेला तो सदाशिव अंधारातून हळूहळू वर येताना पाहिला की बोलायला सुचत नाही. पण लेण्याची रचना तिथे संपत नाही. लिंग असलेला गाभारा पश्चिमेच्या बाजूला आहे. चारी बाजूंना त्याला दारं आहेत, प्रत्येक दाराशी द्वारपाल आहेत, आणि पूर्वेच्या प्रवेशाकडून पाहिलं तर खांबांच्या रांगांमधून नजर थेट त्या गाभाऱ्यावर जाते. म्हणजे या लेण्याला दोन अक्ष आहेत. उत्तरेकडून येणाऱ्याला देवाचं रूप भेटतं आणि पूर्वेकडून येणाऱ्याला देवाचं चिन्ह. हे दहा मिनिटं बोलून पटत नाही. लोकांना पूर्वेच्या बाजूला नेऊन गप्प उभं करावं लागतं. मग त्यांचं त्यांनाच दिसतं.

नंतर शिल्पपट. त्रिमूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. पुढे शिवपार्वतीचं लग्न, अंधकाचा वध, नटेश, कैलास हलवू पाहणारा रावण. एका सहलीत सगळे पट समजावून सांगायचा मोह टाळावा. मी दोनच निवडतो, बहुधा लग्नाचा आणि अंधकाचा. एकाच शिवाच्या देहात तिथे संकोचणाऱ्या वधूला दिलेला हात आहे आणि इथे दात दाखवणारा क्रोध. हे दोन नीट पाहिलेला माणूस उरलेले पट स्वतः वाचू लागतो.

अनेक मूर्तींचे पाय नाहीत, हात नाहीत. हे कुणी केलं, हा प्रश्न प्रत्येक सहलीत येतो आणि बहुतेक वेळा तो रागानेच विचारला जातो. पोर्तुगीजांच्या काळात इथे नासधूस झाली, ही गोष्ट सांगायलाच हवी. पण त्याहून मोठं नुकसान मला वेगळं वाटतं. लेण्यात एक शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालला पाठवला गेला आणि तिकडे हरवला. तो असता तर हे लेणं कुणी खोदवलं, यावर इतके वाद झाले नसते. आज कलचुरी राजा कृष्णराजाची बेटावर मिळालेली नाणी, शैली आणि तर्क यांच्या आधाराने अभ्यासक सहाव्या शतकाकडे बोट दाखवतात. तुटलेला हात आपल्याला दिसतो, म्हणून त्याची हळहळ वाटते. हरवलेल्या लेखाची हळहळ वाटावी, यासाठी तो होता हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सहल नेणाऱ्याचं काम आहे.

बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे मिळालं, तो दगडी हत्तीही आता बेटावर नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडून फुटला. तुकडे मुंबईत आले, १९१४ मध्ये ते जोडले गेले, आणि आज तो हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या लगत उभा आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं हे संग्रहालय शहरातलं सर्वांत जुनं. मुलं हत्तीसमोरून धावत प्राण्यांकडे जातात. ज्यांनी आधी बेट पाहिलंय, ती माणसं मात्र तिथे थबकतात. म्हणून घारापुरीच्या बाबतीत माझा क्रम ठरलेला आहे: आधी बेट, मग भायखळा, मग बेटावरून आणलेली शिल्पं पाहायला फोर्टातलं वास्तुसंग्रहालय.

परळच्या बाबतीत हाच क्रम मी उलटा करतो. १९३१ मध्ये परळ-शिवडीकडे रस्त्याचं काम चालू असताना एक प्रचंड शिळा सापडली. तिच्यावर मध्ये उभा शिव, त्याच्यातून वर निघणारा दुसरा, त्याच्याही वर तिसरा, आणि दोन्ही बाजूंना झुकून बाहेर येणारे आणखी चार. पायाशी वाद्यं वाजवणारे गण. घारापुरीच्याच आगेमागे घडलेलं हे शिल्प, आणि भारतीय कलेत याला जोड नाही असं मला वाटतं. ही शिळा संग्रहालयात गेली नाही. ती परळच्या बारादेवी मंदिरात आहे, तिची पूजा होते. वास्तुसंग्रहालयात आहे ती तिची प्रतिकृती.

आता पंधरा-वीस माणसांचा गट घेऊन थेट मंदिरात गेलं, तर काय होतं? सगळे एकदम मान वर करून मोजू लागतात, कोण कुठून निघालाय यावर चर्चा सुरू होते, आणि ऑफिसला जाता जाता हात जोडायला आलेली बाई मागे ताटकळत उभी राहते. म्हणून आधी प्रतिकृतीसमोर अर्धा तास घालवावा. तिथे बोटं दाखवा, वाद घाला, वहीत रेखाटनं करा. सगळी जिज्ञासा तिथे भागवून घेतली की मंदिरात जाऊन करण्यासारखं दर्शनच उरतं. चपला बाहेर, आवाज खाली, कॅमेरा खिशात. फोटो काढायचा असेल तर आधी विचारायचं. आपण तिथे पाहुणे आहोत. संग्रहालयाचे नियम भिंतीवर लिहिलेले असतात, देवळाचे आपण जाऊन शिकायचे असतात.

मूळ मूर्ती संग्रहालयात सुरक्षित राहिली असती, असं म्हणणारे भेटतात. त्यांची काळजी खरी आहे, पण मी त्यांच्या बाजूचा नाही. परळमधल्या माणसांनी त्या शिळेला देव मानलं आणि म्हणून ती परळमध्ये राहिली. इतिहासाच्या जतनात या श्रद्धेचा वाटा मोठा आहे, आणि सहलीत तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

काही वस्तूंच्या मूळ पत्त्यावर जाताच येत नाही. वास्तुसंग्रहालयात सिंधमधल्या मीरपूर खास इथल्या स्तूपाची भाजक्या मातीची शिल्पं आहेत. हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० च्या सुमारास तिथे उत्खनन केलं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणून त्या मूर्ती मुंबईत आल्या. इथे सहल नेणाऱ्याने नकाशा सोबत ठेवावा आणि थोडं जास्त थांबावं, कारण आपल्यापैकी बहुतेकांना यापुढचा टप्पा नाही.

सोपाऱ्याचा टप्पा मात्र अगदी हाताशी आहे. गावकरी ज्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत, ते भगवानलालजींनी एप्रिल १८८२ मध्ये खणलं. आत दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले असावेत, असं मानलं गेलं. इतक्या मोलाच्या आवरणांत इतकी साधी माती ठेवणाऱ्या लोकांची श्रद्धा कशी असेल, यावर गटाला बोलतं करावं. लोक फार सुंदर बोलतात. तांब्याच्या करंडकाभोवती आठ बुद्धमूर्ती होत्या: सात मानुषी बुद्ध आणि येणारा मैत्रेय. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, आणि या मूर्ती त्याच्या काही शतकं नंतरच्या. म्हणजे टेकाडाखालचा स्तूप मध्ये कधीतरी उघडून पुन्हा बंद केला गेला असावा. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

भगवानलाल मूळचे जुनागढचे. त्यांना १८६१ मध्ये मुंबईला आणलं ते डॉ. भाऊ दाजींनी. ज्यांच्या नावाच्या संग्रहालयाजवळ घारापुरीचा हत्ती आहे, तेच हे. आपल्या मार्गावरची ही ठिकाणं अशी माणसांनी जोडलेली आहेत, आणि या दोघांची नावं घेतल्याशिवाय मी कुठलाच गट परत आणत नाही.

सोपाऱ्याच्या स्तूपावर आजही वंदना होते, बुद्ध पौर्णिमेला लोक जमतात. त्यामुळे तिथे फक्त विटा दाखवून निघणं बरोबर नाही. तिथे येणाऱ्या उपासकांपैकी कुणाला तरी आधी भेटून, गटाशी बोलायची विनंती करावी. व्यापारी पूर्णाने बुद्धाला सोपाऱ्याला बोलावलं, चंदनाचा विहार बांधला, ही कथा त्यांच्या तोंडून ऐकावी. आणि आपल्या बाजूने त्यांना सांगावं की अशोकाच्या लेखाचा तुकडा फोर्टात कुठल्या दालनात आहे. शक्य असेल तर पुढच्या खेपेला त्यांनाच गटासोबत तो दगड पाहायला न्यावं, त्यांच्या लोकलच्या आणि संग्रहालयाच्या तिकिटाचे पैसे सहलीच्या वर्गणीतून द्यावेत. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की पावसाळा संपला की अशी एक सहल काढा. गट वीसच्या वर नको. घारापुरीचं लेणं सोमवारी बंद असतं, तेवढा वार सोडा. आणि एका दिवसात सगळं उरकू नका. सोपाऱ्याला स्वतंत्र रविवार द्या.