पापणीची सूज : शेक, स्वच्छता आणि सावधगिरी



२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हे दोन्ही तालुके संत्री-कापसाचे. शेतात राबताना धुळीने माखलेल्या हातांनी डोळे चोळण्याचा प्रसंग पदोपदी येतो. अशा स्पर्शाने पापणीच्या केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन रांजणवाडी उठू शकते.

ती ठसठसते, लाल होते. परंतु बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरी होते. सोसवेल अशा गरम पाण्यात स्वच्छ फडके पिळून मिटलेल्या डोळ्यावर १० मिनिटे, दिवसातून ३-४ वेळा शेक द्यावा. गाठ दाबून फोडू नये, काजळ घालू नये आणि आपला टॉवेल इतरांस देऊ नये. काही घरांत खारकेची बी उगाळून लावतात. हेतू चांगला असला, तरी त्यातील कण डोळ्यात गेल्यास बुबुळावर ओरखडा पडतो आणि तेथे जंतू शिरल्यास दृष्टीच धोक्यात येते.

फवारणीचे औषध डोळ्यात उडाल्यास मात्र शेक नव्हे. तत्काळ १५-२० मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे.

सूज पसरली, ताप आला, डोळा हलविताना दुखू लागला, नजर अंधुक झाली किंवा डोळा पुढे आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रांजणवाडी वारंवार होत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. सकाळी दोन्ही पापण्यांसह पायही सुजत असतील, तर मूत्रपिंडाची तपासणी करावी.

मोडलेल्या दिवसाची मजुरी पुढे भरून काढता येते. गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही.