संगणकाचा नवा गाभा

नवापूर हें पालघर जिल्ह्यांत, बोईसरच्या पश्चिमेस, समुद्रकांठीं वसलेलें गांव. नवी होडी पाण्यांत लोटली, तरी ती पारखून होईपर्यंत जुनी मोडीत काढूं नये, हें अशा गांवच्या माणसास शिकवावें लागत नाहीं. घरच्या संगणकांत नवा कर्नल बसविणारासही हेंच पथ्य आहे.

कर्नल म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा. स्मृति, डिस्क, पडदा, कळफलक यांजवर सत्ता त्याचीच. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सचा गाभा सर्वांस खुला आहे. त्याची नवी आवृत्ति साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनीं निघते.

जुन्या गाभ्याची मांडणी नव्यास द्यावी, त्यावरून तो घडवून घ्यावा, आणि जुन्याच्या शेजारीं ठेवावा. यंत्र सुरू होतांना ‘ग्रब’ची यादी दिसते, तींतून हवा तो गाभा निवडतां येतो. नवा अडला तर जुन्यानें यंत्र पुन्हां चालूं होतें. मग आवाज, नेटवर्क, यंत्राचें निद्रेंतून जागें होणें, हें एकेक तपासावें. गाभ्यानें स्वतः लिहिलेली नोंदही वाचावी.

परंतु परतीची ही वाट प्रत्येक संकटांत पुरत नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें डेबियन या प्रणालीची १२.३ ही आवृत्ति ऐन वेळीं रोखावी लागली. तिच्या ६.१.६४ या गाभ्यांत फायलींतील मजकूर बिघडविणारा दोष आढळला. हा गाभा तर स्थिर मालिकेंतला! त्या मालिकेंत एक दुरुस्ती मागाहून आणली गेली. जिच्या आधारावर ती उभी होती, ती दुसरी दुरुस्ती मात्र आणावयाची राहिली. गाभा बदलल्यानें बिघडलेली फाईल पूर्ववत् होत नाहीं. म्हणून जुना गाभा राखावा, आणि फायलींची प्रत निराळ्या डिस्कवर, आधींच काढून ठेवावी.

इतका खटाटोप कशासाठीं? जगांतील सर्व प्रकारचीं यंत्रें कोणत्याही एका प्रयोगशाळेंत नसतात. एखादा दोष नवापूरच्या घरांतील यंत्रावरच प्रथम प्रकट होईल. हजार बदलांतील दोषी बदल, दर वेळीं निम्मे वगळीत गेल्यास, सुमारें दहा चाचण्यांत हातीं लागतो. तो नेमका कळविला, तर एका घरची सायंकाळ असंख्य घरांच्या कामीं येते.