डुलकी ड्रायव्हरला लागते, मग रस्त्याचं काय?

गाडी चालवत हा एपिसोड ऐकत असाल, तर मोबाईलला हात लावू नका, नुसतं ऐका.

1 जुलै 2023. रात्री दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस आधी खांबाला आणि मग डिव्हायडरला धडकली. दार असलेल्या बाजूवरच उलटली आणि पेटली. 25 जण गेले.

अशी बातमी आली की आपण लगेच म्हणतो, ‘ड्रायव्हरला डुलकी लागली असणार.’ विषय संपला! पण मला वाटतं, विषय तिथूनच सुरू होतो.

समृद्धी 701 किलोमीटरचा. सरळसोट रस्ता, वळणं कमी, सिग्नल नाही, समोरून गाडी नाही. ऐकायला मस्त. पण अशा रस्त्यावर मेंदूला कामच उरत नाही. डोळे उघडे, पण लक्ष नाही. याला रोड हिप्नोसिस म्हणतात. आता हिशेब करा. ताशी 120 च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत 100 मीटर गाडी बिनड्रायव्हरची!

मग रस्ता कसा हवा? माणूस चुकणारच, हे धरून आखलेला. स्वीडनने 1997 मध्ये स्वीकारलेल्या ‘व्हिजन झीरो’ धोरणाचा गाभा हाच. कडेला रंबल स्ट्रिप हवी, म्हणजे चाक त्यावर गेलं की गाडी थरथरते आणि माणूस जागा होतो. नाहीच झाला, तर समोर उघडा खांब नको, क्रॅश बॅरियर हवा. तो धक्का स्वतः झेलतो आणि गाडी पुन्हा रस्त्याकडे वळवतो. शिवाय ठरावीक अंतरावर थांबायला जागा, चहा, स्वच्छतागृह हवं. समृद्धी सुरू झाला तेव्हा याचीच ओरड होती.

मग ड्रायव्हर सुटला का? अजिबात नाही. दारू पिऊन किंवा मोबाईल बघत चालवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याला आत टाकलं तरी खांब तिथंच उभा असतो. आणि त्या 25 जणांपैकी कुणाच्याही हातात स्टीअरिंग नव्हतं, हे विसरू नका.

आपण काय करायचं? दर दोन तासांनी थांबा. मागच्या सीटवरही बेल्ट लावा. बसमध्ये चढलात की आधी आपत्कालीन खिडकी कुठं आहे ते बघा. आणि ‘चालकाचं नियंत्रण सुटलं’ असं वाचलंत, की पुढचा प्रश्न विचारा: गाडी कशावर आदळली, आणि ते तिथं का होतं?

काळजी घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!